ओलं पोतं

हगवण लागली की पाणी बंद. लेकराच्या तोंडाला थेंब लावायचा नाही, दूधही द्यायचं नाही, पोट कोरडं पडलं की जुलाब आपोआप थांबतात. माझ्या सासरी हा नियम होता आणि तो माझ्या सासूचा होता, म्हणजे त्यावर अपील नाही. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशी भाजीतल्या मिठावरून भांडले, चुलीवरून भांडले, लुगडं कुठल्या दोरीवर वाळत घालायचं यावरूनही भांडले. या नियमावरून मात्र कधी भांडले नाही, कारण तो मलाही पटलेला होता. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटायचं की मी मोठी शहाणी होते.

माझं माहेर कारंजा घाडग्याचं, घर अगदी हायवेला लागून. ट्रकांच्या आवाजावर आवाज चढवूनच आम्ही भावंडं बोलायला शिकलो. आत्याबाई आल्यागेल्याला सांगत, "हायवेवरची पोट्टी व्हय बाप्पा, हॉर्न वाजवल्याबिगर इची गाडीच चालत नाई." मीही काही कमी नव्हते. म्हणायची, "रस्त्यात कोणी आडवं आलं तं हॉर्न वाजवाच लागते आत्याबाई." त्या तोंडाला पदर लावायच्या. हसू लपवायला की राग, ते मला कधी कळलं नाही.

सासरचं गाव धाम नदीच्या काठी, पवनारहून काही मैल आत. आमचं भाजीपाल्याचं घर. वांगी, पालक, मेथी आणि सगळ्यात जास्त सांभार, म्हणजे कोथिंबीर. संध्याकाळी कापायचा, धुवायचा, जुड्या बांधायच्या, ओसरीवर रचून त्यावर ओलं पोतं टाकायचं आणि सकाळच्या पहिल्या एस्टीने वर्ध्याच्या बाजारात न्यायचा. त्या पोत्यावर घंट्या-घंट्याने पाणी शिंपडायचं काम आत्याबाईंचं. दुसऱ्या कोणाला त्या हात लावू देत नसत. माझा हात जड आहे म्हणे. मी शिंपडलं की सांभार काळा पडतो.

त्यांच्या हाताला गुण होता हे मात्र खरं. गावातलं कुठलंही लेकरू रडायला लागलं की आई त्याला घेऊन आमच्या ओसरीवर. पोट चोळून घ्यायचं, घसा पाडून घ्यायचा, काय द्यायचं काय नाही ते विचारायचं. त्यांना स्वतःला सात झाले होते, चार जगले. तीन गेले हे त्या असं सांगायच्या, जसं काही औंदा तूर बरी झाली नाही. कशाने गेले हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

पाणी का बंद, हेही त्या समजावून सांगायच्या. "वाफा पाह्यला का कधी? पाणी जास्त झालं का मूळ सडते. मंग आपण काय करतो? पाणी तोडतो. दोन दिवसात झाड उभं राह्यते. लेकराचं पोट म्हंजे वाफाच व्हय." ऐकणाऱ्या बायका मान हलवायच्या. सगळ्याच भाजीवाल्या. पाणी लागून पिवळी पडलेली वांगी पाणी तोडल्यावर सुधारलेली सगळ्यांनी पाहिली होती, मीसुद्धा. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर कोण शंका घेणार?

ऐंशी साल उलटून गेल्यानंतरचा तो एक भादवा. आदल्या सांजेपासून पाऊस लागला तो थांबेना. माझे यजमान सकाळी टोपली घेऊन वर्ध्याला गेलते. दुपारपर्यंत धामेला पूर आला, नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, पाण्याखाली गेला आणि एस्टी पलीकडेच राहिली. सासरे माझ्या लग्नाआधीच वारलेले. म्हणजे घरात आम्ही दोघी आणि माझी लेक, सोळा महिन्यांची. विहिरीचं पाणी रात्रीपासूनच गढूळ आलं होतं. तुरटी फिरवली आणि प्यालो. दरवर्षी पुरात येतंच, असं म्हणून प्यालो.

त्याच दुपारी लेकीला जुलाब सुरू झाले. दात येत असतील, असं आधी म्हटलं. दिवेलागणीपर्यंत दहा लंगोट झाले आणि मग मी मोजायचं सोडलं. आत्याबाईंनी तिला मांडीवर घेतलं, पोट दाबून पाहिलं आणि निकाल दिला, "पाणी बंद. आंगावरही पाजू नको."

मी मान हलवून हाव म्हटलं. माझा पान्हा दाटून यायचा आणि मी तो मोरीत पिळून टाकायची. आता हे लिहिताना हात थांबतो, पण मी तसं केलं. रात्रभर केलं.

सकाळी ओसरीवर चार बायका लेकरं घेऊन उभ्या. सगळ्यांना तेच. शेजारची काकी नातवाला घेऊन आलती, तो तर मान टाकूनच होता. आत्याबाईंनी एकेकाचं पोट पाहिलं आणि प्रत्येकीला तेच सांगितलं, पाणी बंद. प्रत्येक जणी घरी जाऊन तेच करणार होती. मला त्या वेळी तेवढा विचार कुठला सुचायला! मला माझी पोट्टी दिसत होती, बस.

पाऊस उघडला होता, पण रपट्यावर अजून छातीभर पाणी होतं. तीन माणसं बघून आली. आजचा दिवस तरी उतार नाही, म्हणाली. म्हणजे दवाखाना नाही, डॉक्टर नाही, लेकीचा बाप नाही. कालच्या कापलेल्या जुड्या तशाच ओसरीवर पडलेल्या. उद्या तरी रस्ता उघडेल या आशेने आत्याबाई त्या जपत होत्या. घंटाभर झाला की उठायच्या, गडव्यातून, म्हणजे तांब्यातून, ओंजळ भरून घ्यायच्या आणि पोत्यावर हलकेच पाणी मारायच्या.

मला मधेच नर्सबाईची आठवण झाली. उन्हाळ्यात ती एकदा गावात आलती. शाळेच्या पडवीत बायका जमवून तिने हातात स्टीलचा गिलास धरला आणि सांगितलं की हगवणीत पाणी जास्त द्यायचं, मीठ-साखर घालून, उकळून गार केलेलं. आम्ही खीखी हसलो. सगळ्यात आधी मी हसले. मागून ओरडले, "बाई, फुटक्या माठात पाणी भरून काय फायदा?" पडवी हसून हसून लोळली. ती बिचारी लाल झाली, पण सांगत राहिली. आणि मी माझ्याच विनोदावर खूश होऊन पुढचं ऐकलंच नाही. मीठ किती, साखर किती, काही नाही.

दुपारी बाराचा सुमार असेल. मी मोरीपाशी लंगोट धुवत होते. लेक ओसरीवर गोधडीवर पडलेली. सकाळपासून ती रडायचीही थांबली होती आणि आत्याबाई म्हणाल्या होत्या की आता आराम पडून राह्यला. मी मागे वळून पाहिलं तर गोधडी रिकामी. ती कशी सरकली, कुठून जीव आणला देव जाणे, पण पोटावर सरपटत सांभाराच्या ढिगापर्यंत गेली होती. ओल्या पोत्याचं टोक तिने दोन्ही मुठींत धरलं होतं आणि ते तोंडात घालून चोखत होती. डोळे खोल गेलेले, ओठ पांढरे, आणि ती ते घाणेरडं पोतं चोखत होती.

आत्याबाई माझ्या आधी पोचल्या. त्यांनी पोतं तिच्या तोंडातून ओढून काढलं आणि म्हणाल्या, "पाय बरं, पाय! घातलं ना पाणी पोटात!"

पोरीने तोंड उघडलं. रडायला. आवाज आला नाही आणि डोळ्यांतून पाणीही आलं नाही.

माझं डोकंच फिरलं. धुतलेला लंगोट मी भिंतीवर फेकून मारला. "सांभाराले पाणी पाजता!" मी ओरडले. "कालपासून घंट्या-घंट्यानं पाजून राह्यल्या त्याले, अन् माह्या पोरीले थेंब नाई! थो कोमेजू नये म्हणून तुमचा जीव चालला, अन् हे? हे कोमेजली नाई काय?"

"वरून शिंपणं येगळं," आत्याबाई म्हणाल्या. आवाज शांत होता त्यांचा. "मुळाले पाणी येगळं. तुले काय समजते वं? म्या सात काढले."

"तीन मारले!"

निघून गेलं तोंडातून. मी इथेच थांबायला पाहिजे होतं. पण माझ्या गाडीला ब्रेक कधी होता? मी पुढे म्हटलं, "तेही असेच गेले ना? पाणी पाणी करत? सांगा ना, काऊन नाई सांगत कोणाले?"

आत्याबाईंच्या हातातलं पोतं तसंच राहिलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण मला बघत नव्हत्या. मग त्या हळूच खाली बसल्या, भिंतीला टेकून. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या बोलण्याला उत्तर दिलं नाही असं पहिल्यांदाच झालं, आणि मला त्याची भीती वाटली. पण तेव्हा भीतीला वेळ नव्हता.

मी लेकीला उचललं आणि चुलीपाशी गेले. लाकडं ओली. फुंकून फुंकून डोळे गेले, धूर घरभर झाला, जाळ काही धरेना. शेवटी जुन्या टोपलीचं बूड मोडून घातलं तेव्हा पेटलं. पाणी उकळलं. परातीत गार पाणी घेऊन त्यात गंज, म्हणजे पाण्याचं पातेलं, ठेवला आणि हलवत बसले. निवता निवेना. पोरगी माझ्या मांडीवर, तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती.

पाणी कोमट झालं. आता मीठ. किती? बोटांनी चिमूट घेतली आणि निम्मी परत बरणीत टाकली. जास्त झालं तर? नर्सबाईने काहीतरी सांगितलं होतं, जास्त झालं तर वाईट असं काहीतरी. काय होतं ते? हसण्याच्या गोंधळात एकच वाक्य माझ्या कानात शिरलं होतं, आणि तेही मी घरी येऊन नकला करायला लक्षात ठेवलं होतं. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट नको, असं ती म्हणाली होती. मी गिलासात चिमूटभर मीठ टाकलं, चमचाभर साखर टाकली, ढवळलं आणि जिभेवर एक थेंब घेतला. मग गालावरचं पाणी चाटून पाहिलं. धुराने म्हणा, रडण्याने म्हणा, ते काही कमी नव्हतं. गिलासातलं जरा जास्त खारट वाटलं. मी अजून पाणी ओतलं, पुन्हा चाटलं, पुन्हा ओतलं. मग चमच्याने पहिला घोट तिच्या ओठाला लावला.

तिने चमचा दातांत धरला. सोडेचना. चार चमचे गेले, पाचव्याला सगळं ओकून टाकलं.

मागे आत्याबाई बसल्या होत्या. मला वाटलं, आता त्या म्हणणार, पाह्यलं? मी दम घेतला आणि पुन्हा सुरू केलं, या वेळी अगदी थेंब थेंब. एक चमचा, मग शंभरपर्यंत मोजायचं, मग दुसरा चमचा. एकदा ओकली. पुन्हा सुरू. खाली जुलाब चालूच होते, वरून मी पाजत होते, आणि मला माझाच विनोद ऐकू येत होता. फुटका माठ. मनात येत होतं, आत्याबाई बरोबर असतील तर? आपल्या हाताने लेक मारतोय का आपण? हात थांबवायची हिंमत नव्हती आणि पाजायचीही नव्हती. मी पाजत राहिले.

धुरामुळे मी चुलीकडे पाठ करून बसले होते, नजर फक्त चमच्यावर. गिलास संपला. दुसरा निम्मा झाला. ऊन आंगणातून भिंतीवर चढलं. आणि माझी मांडी गरम झाली. मी लुगडं उचलून पाहिलं. लघवी केली होती पोरीने. कालपासून पहिल्यांदा. पिवळीजर्द, थोडीशीच, पण लघवी होती ती. त्याच्यानंतर ती रडली, चांगली भोंगा पसरून रडली, आणि तिच्या डोळ्यातून एक थेंब गालावर आला.

"आत्याबाई!" मी हाक मारली. "आत्याबाई, मुतली वो हे!"

वळून पाहिलं तर भिंतीपाशी कोणी नव्हतं. खोलीत नव्हत्या, मोरीत नव्हत्या. मी लेकीला खांद्यावर टाकून आंगणात आले. फाटक उघडं. आमच्या आंगणातून पायवाट सरळ नदीकडे उतरते, आणि नदीचा आवाज तिथपर्यंत येत होता. तीन मारले, असं मी म्हटलं होतं. म्हाताऱ्या बाईला, तिच्याच घरात. आता ही पाण्याकडे गेली असेल तर? धावायचं तर खांद्यावर ही पोट्टी, दर शंभर मोजल्यावर हिला चमचा पाहिजे. मी फाटकापर्यंत गेले, परत आले, एक चमचा पाजला, पुन्हा फाटकापर्यंत गेले. आत्याबाई, आत्याबाई म्हणून बोंबलले. माझा हॉर्न सगळ्या गावाला ऐकू जातो, त्या दिवशी तो नदीच्या आवाजात कुठे विरला कोण जाणे.

पुढचं पाणी करायला म्हणून मी चुलीपाशी आले आणि मिठाकडे हात गेला. बरणी जागेवर नव्हती. साखरेचा डबाही नव्हता. मी फळीवर, चुलीमागे हात घालून पाहिलं.

तेवढ्यात शेजारून काकीचा आवाज चढला. "सकायी म्हणे बंद करा, आता म्हणे पाजा! पोट्टं माह्यं हाये, गंमत हाये काय?"

आणि त्यावर आत्याबाईंचा आवाज. मोठा नव्हता, पण भिंतीपलीकडून स्पष्ट आला. "सकायी म्या सांगतलं थे चुकीचं होतं. मी चुकली. पाणी ठेव चुलीवर."

"सुनेनं शिकवलं वाटते?"

"हाव. सुनेनं शिकवलं. ठेव पाणी."

मला त्या दिवशी माझ्या पोरीपलीकडे काही दिसलं नव्हतं. मी जिंकले होते आणि मला तेवढं पुरलं असतं. गावभर लेकरं कोरडी पडून राहिली आहेत आणि ती कोणाच्या शब्दावर पडून राहिली आहेत, हे आत्याबाईंना भिंतीला टेकून बसल्या बसल्या दिसलं. आणि ज्या बाईने उभ्या जन्मात मिठावरून हार मानली नव्हती, ती बरणी काखेत घेऊन घरोघर गेली. काही घरांनी ऐकलं. काहींनी, म्हातारीला चळ लागला, म्हणून दार लोटून घेतलं. अशा घरी त्या ओट्यावर बसून राहिल्या, उठायचं नावच घेईनात, शेवटी घरच्यांनाच लाज वाटून गिलास भरावा लागला. हे मला नंतर बायकांनी सांगितलं. त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी रपटा उघडला तेव्हा दोन लेकरं बैलगाडीतून वर्ध्याच्या दवाखान्यात गेली, काकीचा नातू त्यातलाच, आणि दोन्ही परत आली.

त्या दिवशी आत्याबाई परतल्या तेव्हा गाई घरी येत होत्या. पायांवर गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांनी रिकामी बरणी जागेवर ठेवली, हातपाय धुतले आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. पोरगी माझ्या अंगावर पीत होती. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ओसरीवर सांभार तसाच पडलेला, पोतं पार वाळलेलं. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, "आत्याबाई, म्या जे बोलली..."

"राहू दे." मी अंधार पडायच्या आत दिवा लावायला उठणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. "माह्यी मधली पोट्टी होती. तीन वर्साची. चांगली बोलत होती. रिकामा गडवा घेऊन माह्या मांगं मांगं फिरे. म्या थो लपवून ठेवला." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, गिलासाकडे बघत होत्या. "तिले किती लागलं असतं वं? एक गिलास, का दोन?"

मला तोंडावर खरं बोलायची खोड. त्या खोडीने दुपारी काय केलं होतं ते माझ्यासमोर बसलं होतं. मी म्हटलं, "तवाची साथ येगळी होती आत्याबाई. थे पाण्यानं थांबणारी नव्हती. तुमी दिलं असतं तरी काई फरक पडला नसता."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"खोटं बोलून राह्यली तू," त्या म्हणाल्या. माझा हात त्यांनी सोडला नाही. "बोल. अजून एक डाव बोल."

मग मी ते पुन्हा एकदा, अगदी पहिल्यापासून, सांगितलं.